ट्रामाडॉल: गोळी एकच, परिणाम वेगवेगळे

ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर डॉक्टर बऱ्याचदा ट्रामाडॉल देतात. गंमत म्हणजे, या गोळीचं काम बरंचसं तुमच्या यकृतावर अवलंबून असतं. तिथलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम तिच्यापासून एम१ नावाचा रेणू बनवतं. तो मेंदू आणि मज्जारज्जूतल्या ओपिऑइड रिसेप्टरना मूळ औषधापेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि वेदनेचा निरोप मंदावतो.

पण हे एन्झाइम सगळ्यांचं सारखं नसतं. कुणाचं सुस्त असतं, त्याचं दुखणं फारसं थांबत नाही. कुणाचं अतिवेगवान असतं, त्याचा नेहमीच्या डोसनंही श्वास मंदावू शकतो. मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठता नेहमीचीच. क्वचित फिटही येते. दारू किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत धोका वाढतो. सवयही लागते, म्हणून २०१८ पासून ती भारतात एनडीपीएस कायद्याखाली आहे.

तेव्हा शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नका. त्याला सोसली म्हणून तुम्हाला सोसेलच असं नाही!