अव्यक्ताचे वाचन

सियालदह स्थानकाच्या उत्तरेस, आजच्या आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गावर, जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ मध्ये विज्ञानमंदिर स्थापन केले. वनस्पतीची सूक्ष्म वाढ क्रेस्कोग्राफच्या साहाय्याने दृश्य करणाऱ्या या शास्त्रज्ञाने आपल्या बंगाली निबंधसंग्रहास ‘अव्यक्त’ हे नाव द्यावे, हे अर्थपूर्ण होय.

पिकांवरून फिरणारे ड्रोन हेच अव्यक्त वाचू पाहतात. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते व डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. पिकावर ताण पडला की हे प्रमाण बदलते. पुष्कळदा पान पिवळे दिसू लागण्यापूर्वीच. १९७० मध्ये पिशारोटी यांनी केरळातील नारळीचा रोग हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या अवरक्त छायाचित्रांवरून अभ्यासला. भारतातील या विद्येचा तो आरंभ.

मात्र प्रतिमा ताण दाखविते, कारण सांगतेच असे नाही. पाण्याची टंचाई, कीड की नत्राचा अभाव, याचा निर्णय बहुधा शेतात उतरूनच करावा लागतो. २०२३ मध्ये प्रधानमंत्री पीकविमा योजनेने भात व गहू यांच्या उत्पादनाच्या अंदाजात दूरसंवेदनाधारित पद्धतीस ३० टक्के भार दिला. अशा वेळी शेतकऱ्याची साक्ष गौण ठरली, तर वनस्पतीचे अव्यक्त वाचताना माणसाचे बोलणे अव्यक्त राहील.