सॅमन: मोजून पकडावा, बेताने खावा

मुलांकडे अमेरिकेत काही महिने राहून आलेले ज्येष्ठ पुष्कळदा विचारतात, ‘डॉक्टर, तिथला सॅमन आणि आपला रावस एकच ना?’ उत्तर देण्यापूर्वी हा मासा येतो कोठून, ते पाहू.

अलास्काच्या नैर्ऋत्येस ब्रिस्टल बे हा उपसागर आहे. सॉकाय जातीचे सॅमन दर जून-जुलैत समुद्रातून येथील नद्यांत अंडी घालण्यास प्रचंड संख्येने परततात. नदीकाठच्या मनोऱ्यांवर बसून सरकारी कर्मचारी वर जाणारे मासे मोजतात. पुरेसे मासे वर पोहोचत नसतील, तर जाळी थांबवली जातात. मत्स्यसंपत्ती टिकवून वापरावी, हे तत्त्व 1959 पासून अमलात असलेल्या अलास्काच्या राज्यघटनेतच आहे. सॅमनची मत्स्यशेती तेथे 1990 पासून निषिद्ध आहे. तरीही सर्वत्र सुस्थिती नाही. युकॉन नदीतील चिनूक सॅमन इतके घटले, की 2024 मध्ये त्यांची मासेमारी सात वर्षे थांबवण्याचे ठरले. पिढ्यान्‌पिढ्या हा मासा वाळवून, धुरी देऊन हिवाळ्याची बेगमी करणाऱ्या तेथील आदिवासींना याची मोठी झळ बसली आहे.

आता आरोग्याविषयी. सॅमनमध्ये उत्तम प्रथिने, ओमेगा-3 स्निग्धाम्ले आणि ब-12 जीवनसत्त्व असते. शिजवलेल्या सुमारे 85 ग्रॅम सॉकायमधून ड जीवनसत्त्वाची 500 हून अधिक युनिटे मिळतात; सत्तरी ओलांडलेल्यांची दैनंदिन गरज 800 युनिटांची मानली जाते. मात्र तो रोज खाण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातून दोनदा मासे पुरेसे होतात.

काही पथ्ये पाळावीत. धुरी दिलेल्या सॅमनमध्ये मीठ पुष्कळ असते, म्हणून रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी तो टाळावा. थंडच खाल्ल्यास त्यातून लिस्टेरिया जंतूंचा संसर्ग संभवतो आणि तो वृद्धांत गंभीर ठरतो. कच्चा मासा खाऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना माशाच्या तेलाच्या गोळ्या परस्पर सुरू करू नयेत. कवळी असणाऱ्यांना काट्याची जाणीव उशिरा होते, म्हणून वाढणाऱ्याने तुकडा बोटांनी चाचपून मगच पानात वाढावा.

आता मूळ प्रश्न. रावसाला बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणत असले, तरी त्याचे कूळ निराळे आहे. ओमेगा-3 हवे असेल, तर आपला बांगडा आणि तारली हे स्वस्त व उत्तम पर्याय आहेत. महागड्या आयात माशाची गरज नाही. आपल्याकडेही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, ती माशांच्या प्रजननासाठीच. त्या दोन महिन्यांत ताटात मासा नसला, तर कडधान्ये, दूध आणि अंडी आहेतच. समुद्राला विसावा मिळाला, तरच नातवंडांच्या ताटातही बांगडा राहील.