जात्याच्या खुंट्याला धरून

गंगाखेडला गोदाकाठी गेलं की जनाबाईचं नाव निघतं आणि नावापाठोपाठ जातं. मग कुणीतरी म्हणतं, 'पूर्वीच्या बाया दळता-दळता गायच्या, म्हणून सुखी होत्या.' तिथूनच घोळ सुरू होतो.

गैरसमज : जात्यावर बसलं की मन आपोआप हलकं व्हायचं.
वस्तुस्थिती : दळण म्हणजे कष्ट. अख्ख्या घराच्या भाकरीची ज्वारी, तीही पहाटेच्या अंधारात. दंड भरून यायचे. समोरासमोर दोघी बसायच्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, आणि ओळीचा हेल दगडाच्या फेऱ्यात बसवायचा. सासूपुढं, चारचौघांत जे बोलता येत नव्हतं, ते तिथं यायचं : माहेरी न धाडल्याचं, भावानं वाट बघायला लावल्याचं. मन हलकं व्हायचं ते बोलल्यामुळं आणि समोरची ऐकतेय म्हणून. दगडात गुण नव्हता. गिरणी आल्यावर बायांनी जातं सोडलं, बरंच केलं.

गैरसमज : जात्यावरच्या ओव्या जनाबाईच्या, म्हणजे देवाधर्माच्या.
वस्तुस्थिती : जनाबाई गंगाखेडच्या, आयुष्य गेलं पंढरपुरात, नामदेवांच्या घरी. त्यांच्या नावावर आहेत ते अभंग. घरोघरच्या ओव्या निनावी. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरातून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्याही आहेत. या संग्रहात राम-विठ्ठल आहेत, तसे बाबासाहेब आंबेडकरही.

गैरसमज : ओवी असो की हातकाम, त्यानं मन हलकं व्हायला कला अंगात असावी लागते.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३९ जणांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं आणि कागदाचे तुकडे दिले. २०१६ साली छापलेल्या या अभ्यासात चारांतल्या सुमारे तिघांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, उतरलेलं आढळलं. आधी सराव असणं-नसणं यानं खास फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण आमच्या घरची वाकळ तेच सांगते. वर आजीचं विटलेलं लुगडं, आत धोतराचे थर, कडेपासून आत येत गेलेला धावदोरा. एका कोपऱ्यात टाके बोटभर लांब आणि वाकडे आहेत. ते माझे, आठव्या वर्षीचे. आजीनं उसवले नाहीत. ऊब तिथंही तेवढीच लागते.

गैरसमज : हात गुंतवले की डॉक्टरची गरज नाही.
वस्तुस्थिती : आहे. झोप उडाली, जीव नकोसा वाटला, तर सुई-दोरा पुरत नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक. फोन फुकट, मराठीत बोलता येतं.

गैरसमज : आता ओव्या संपल्या.
वस्तुस्थिती : लग्नघरी अजून हळदीला जातं बाहेर निघतं. खुंट्याला हळकुंड बांधतात, म्हाताऱ्या पुढं सरकतात, पोरी मोबाइल धरून उभ्या राहतात. ओवीत नवरीचं नाव घालायचं असतं. आता नावं असतात आराध्या नि अन्विता. जुन्या चालीत ती बसत नाहीत. मग म्हातारी थांबते, दोन फेरे नुसतीच घरघर होते आणि नवी ओळ येते.