उसाची तारीख आणि कर्जाची तारीख



मार्च महिना जवळ आला की शहापूर गटात एक जुनाच प्रकार पुन्हा सुरू होतो. सोसायटीचे पीक कर्ज भरायचे असते आणि उसाचे चुकारे अजून हाती पडलेले नसतात. मग आठ-पंधरा दिवसांच्या बोलीने सावकाराकडून रक्कम उचलायची, सोसायटीत भरायची, आणि नवे कर्ज मंजूर झाले की सावकाराचे देणे वळते करायचे. याला 'नवे-जुने' म्हणतात. कागदावर सभासद नियमित दिसतो, सचिवही खूश असतात. पण या व्यवहारात शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो आम्ही येथे मांडत आहोत.

समजा, सभासदाकडे सोसायटीचे १ लाख रुपये पीक कर्ज आहे. वेळेत फेडले तर केंद्र व राज्य सरकारच्या सवलती मिळून ३ लाखांपर्यंतच्या अशा कर्जाचे व्याज शून्यावर येते. राज्याच्या वाट्याची सवलत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून मिळते. सोसायटीचा दर ६ टक्के धरला तर सालभरात वाचले ६ हजार. आता सावकाराचा दर शेकडा ५, म्हणजे महिन्याला शंभरामागे ५ रुपये. नवे कर्ज पंधरा दिवसांत मिळाले तर अडीच हजारांवर सुटका होते. दोन महिने रखडले तर १० हजार गेले. म्हणजे ६ हजार वाचविण्यासाठी १० हजार मोजले !

येथे आणखी एक गफलत होते. सोसायटी म्हणते थकबाकीला १२ टक्के, सावकार म्हणतो शेकडा ३. ऐकणाऱ्याला ३ हा आकडा लहान वाटतो. पण सोसायटीचे १२ वर्षाचे आहेत आणि सावकाराचे ३ महिन्याचे, म्हणजे वर्षाचे ३६. कोणीही दर सांगितला की पहिला प्रश्न विचारावा : महिन्याचा की वर्षाचा ? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये झाला. त्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर सालाना ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के एवढीच मर्यादा घालून दिली. शेकडा ३ आणि ५ कोठून आले, ते ज्याचे त्याने समजून घ्यावे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. केंद्राची व्याज सवलत उचलीच्या तारखेपासून जास्तीत जास्त एक वर्षासाठी असते. धान चार-पाच महिन्यांत निघते, त्यामुळे धानाला ही मुदत पुरून उरते. उसाचे तसे नाही. सुरू ऊस साधारण १२ महिन्यांचा, खोडवा ११ ते १२, पूर्वहंगामी १३ ते १५ आणि आडसाली १६ ते १८ महिन्यांचा. आडसालीची सगळी रक्कम लागणीलाच उचलली, तर ऊस फडात उभा असतानाच वर्ष संपते. पीक उत्तम आणि सभासद थकबाकीदार, हा चमत्कार त्यातूनच घडतो. म्हणून उचल एकदम करू नये. बेणे व लागणीपुरती आधी घ्यावी, बांधणीच्या खताची बांधणीच्या वेळी घ्यावी. व्याजाचे दिवसही तेवढेच कमी लागतात. आणि लागणीची नोंद आमच्या गट कार्यालयात लगेच द्यावी. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवर लागतो, आठवणीवर नाही. नोंद उशिरा, तर तोड उशिरा आणि चुकाराही उशिरा.

आमच्या गटातील काही घरांत ऊस व धानाबरोबर तलावाचा धंदाही आहे. आपला जिल्हा मामा तलावांचा. कोहळी समाजाने ते बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धान व ऊस पिकविला. त्याच तलावांत ढीवर बांधव मासेमारी करतात. त्यांची अडचण आपल्यासारखीच, किंबहुना जास्त कठीण. पावसाळ्यात बीज सोडायचे आणि पैसा उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर. मधल्या काळात व्यापारी उचल देतो आणि म्हणतो, 'व्याज नको, मासळी मला घाल.' समजा उचल २० हजारांची, भाव किलोमागे १० रुपये कमी आणि मासळी ६०० किलो. आठ महिन्यांत ६ हजार गेले. वर्षाला हे ४५ टक्के पडते, फक्त व्याज भावात लपलेले असते. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून शेतकऱ्याला आहे. २०१८-१९ पासून ते मच्छीमारांनाही खुले झाले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तसेच १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या कृषी व संलग्न कर्जाला तारण मागायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेचे धोरण आहे. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. शाखेत 'जमीन दाखवा' म्हटले, तर नकार लेखी मागावा.

कर्जमाफीची वाट पाहावी काय, असे आम्हाला नेहमी विचारतात. २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झाले, ते हाती पडायला २०२२ साल उजाडले. मधल्या काळात लागणी थांबल्या नव्हत्या. मिळेल तेव्हा घ्यावे, पण त्यावर बेण्याचा हिशेब बसवू नये, असे आमचे मत.

शेवटी कपातीविषयी. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यापुढे सालाना १५ टक्के व्याज लागते. सोसायटीचे येणे बिलातून परस्पर कापले जाते. पण कारखान्यात कपात झाली ती तारीख आणि सोसायटीच्या खात्यावर जमा पडली ती तारीख यांत अंतर राहू शकते आणि त्यात मुदत उलटू शकते. तेव्हा बिलाची पट्टी मिळताच ती घेऊन सोसायटीत जावे, जमेची पावती घ्यावी आणि दोन्ही तारखा ताडून पाहाव्यात. फरक आढळल्यास दोन्ही कागद गट कार्यालयात आणावेत. लेखा विभागाकडे ते आम्ही स्वतः पोचवू.

— ऊस विकास अधिकारी