कॅसेटच्या दोन बाजू : झेपलिन की फ्लॉइड?

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात शेप्टन मॅलेट नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावाबाहेरच्या मैदानावर २७ आणि २८ जून १९७० रोजी बाथ महोत्सव भरला होता आणि त्यासाठी लाखाहून अधिक तरुण जमले होते. शनिवारची रात्र बरीच पुढे सरकल्यावर पिंक फ्लॉइड मंचावर आले. त्यांच्यासोबत पितळी वाद्यांचा ताफा आणि गायकवृंद होता. अजून बाजारात न आलेली, अर्ध्या तासाच्या घरातली एक प्रदीर्घ रचना त्यांनी पेश केली. दुसऱ्या दिवशी लेड झेपलिनची पाळी होती. त्यांचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी सूर्य नेमका केव्हा मावळतो याची आधीच चौकशी करून ठेवली होती. ती वेळ साधण्यासाठी त्यांनी आधीच्या बँडला सरळ मंचावरून उतरवले आणि मावळतीचा लाल प्रकाश पाठीशी घेऊन आपल्या चौघांना उभे केले.

एकाच मैदानावर, चोवीस तासांच्या आत घडलेल्या या दोन प्रसंगांत दोन्ही बँडचा स्वभाव आला आहे. फ्लॉइडला मोठा आराखडा बांधायचा होता आणि त्यासाठी बाहेरची माणसे बोलवायची त्यांची तयारी होती. झेपलिनला चौघांपलीकडे कोणी नको होते. हवा होता तो फक्त सूर्य.

आपल्याकडच्या रॉकरसिकांत ‘झेपलिन की फ्लॉइड’ हा वाद किशोर-रफी वादाइतकाच जुना आणि तितकाच न मिटणारा आहे. पुण्यातल्या वसतिगृहात आमच्या खोलीत तो एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवरच नांदत होता. एका बाजूला झेपलिनचा १९७१चा नाव नसलेला चौथा अल्बम, दुसऱ्या बाजूला फ्लॉइडचा १९७३चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. दोन्ही अल्बम बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटांचे, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांच्या एकेका बाजूत नेमके मावणारे. अर्थात ही कॅसेट कोणाकडून तरी उतरवून घेतलेली होती. मुंबईला जाणाऱ्या एखाद्याला काळा घोड्याच्या ‘रिदम हाऊस’मधून (हे दुकान २०१६ साली बंद झाले) अस्सल कॅसेट आणायला सांगावे, तर तेवढे पैसे जमत नसत. खोलीतला मित्र झेपलिनचा, मी फ्लॉइडचा. कॅसेट कोणत्या बाजूने लावायची यावरून रोज वाद व्हायचा.

मी फ्लॉइडचा का होतो, याचे कारण मला फार उशिरा कळले. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला रॉबर्ट प्लान्टच्या तोंडचे निम्मे शब्द कळत नसत. तो आवाजच एक वाद्य होता. फ्लॉइडची गाणी मात्र संथ. दोन ओळींच्या मधे विचाराला जागा असे आणि शब्द स्वच्छ ऐकू येत. काळ, पैसा, वेड आणि मृत्यू हे त्यांचे विषय. परीक्षेत नापास होण्याची भीती असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘आपले दिवस वाया चालले आहेत’ असे कोणी नीट, समजेल अशा इंग्रजीत सांगितले, तर तो त्याचा भक्त होणारच. आपल्याकडे फ्लॉइडची लोकप्रियता इतकी मोठी असण्यामागे हे साधे कारणही असावे, असे मला वाटते.

या शब्दांमागे अर्थातच रॉजर वॉटर्स होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली इटलीतील आन्झिओच्या लढाईत त्यांचे वडील मारले गेले, तेव्हा रॉजर अवघ्या पाच महिन्यांचे होते. वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे तिघे लंडनच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत वास्तुकला शिकताना एकत्र आले. त्यांच्या संगीतातली बांधणी पाहिली की हे शिक्षण फुकट गेले नाही असे म्हणावे लागते. पण बँडला पहिला चेहरा दिला तो सिड बॅरेट या चित्रकार-गायकाने. ‘पिंक फ्लॉइड’ हे नावही त्याचेच. अमेरिकेतील पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन ब्लूज गायकांच्या नावांवरून जुळवलेले. पहिला अल्बम १९६७ साली आला आणि वर्षभरात बॅरेटचे मानसिक संतुलन इतके ढळले, की १९६८च्या एप्रिलमध्ये त्याला बँडपासून वेगळे व्हावे लागले. त्याच्या जागी आधीच डेव्हिड गिल्मर आले होते.

पुढे ५ जून १९७५ रोजी लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत फ्लॉइडचे काम चालू असताना एक स्थूल, डोके आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन बसला. बराच वेळ कोणी त्याला ओळखले नाही. तो सिड होता. ज्या अल्बमचे काम चालू होते, त्यातील सर्वांत मोठी रचना नेमकी त्याच्याच अनुपस्थितीवर होती. हा प्रसंग एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता, तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

झेपलिनची जन्मकथा याच्या अगदी उलट. जिमी पेज आणि जॉन पॉल जोन्स हे लंडनच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करून तयार झालेले व्यावसायिक वादक. प्लान्ट आणि ड्रमर जॉन बॉनम हे इंग्लंडच्या मध्य भागातले, दोघेही वयाने वीस. ऑगस्ट १९६८ मध्ये लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरील एका तळघरात हे चौघे प्रथम एकत्र वाजवू लागले. पुढच्या दोन-तीन महिन्यांतच पेजने पदरचे पैसे घालून, स्टुडिओचे सुमारे ३६ तास वापरून पहिला अल्बम पुरा केला. चौथ्या अल्बमच्या वेष्टणावर तर त्यांनी बँडचे नावसुद्धा छापू दिले नाही. एका अमेरिकेतच त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

या चौथ्या अल्बमच्या शेवटच्या गाण्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. मिसिसिपी नदीच्या १९२७ सालच्या महापुरावर मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले हे जुने ब्लूज गीत. हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत, जिथे पूर्वी निराधारांसाठी आश्रम होता, झेपलिनचा मुक्काम होता. बॉनमचा ड्रमसंच जिन्याखालच्या दालनात मांडला गेला आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने दोन मायक्रोफोन जिन्याच्या वरच्या मजल्यावरून खाली सोडले. एरवी ड्रमच्या तोंडाशी मायक्रोफोन लावण्याची पद्धत. इथे आवाज आधी भिंतींवर आपटून, जिन्याच्या पोकळीतून वर चढून मग टेपवर उतरला. यामुळे त्या ठेक्याला असे वजन आले, की पुढच्या पिढीतील हिपहॉप संगीतकार तोच ठेका उचलून वापरत राहिले. यंत्राने नव्हे, घराने दिलेला हा आवाज आहे.

‘काश्मीर’ (१९७५) ही रचना आपल्या वाचकांना कानाने लगेच उलगडेल. बॉनमचा ठेका चार मात्रांच्या चक्रात चालतो, तर पेजच्या गिटारची फिरत तीन मात्रांची. दोन्ही चक्रे बारा मात्रांनंतर एकत्र येतात. समेवर येण्याचा आनंद ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गंमत अशी, की हे शब्द प्लान्टला सुचले ते मोरोक्कोच्या दक्षिणेकडील वाळवंटी रस्त्यावर; काश्मीर त्याने तोवर पाहिलेही नव्हते. मुंबई मात्र पाहिली होती. १९७२ साली पेज आणि प्लान्ट यांनी मुंबईत येऊन इथल्या वादकांसह आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती. ते ध्वनिमुद्रण चार दशकांहून अधिक काळ पडून राहिले आणि २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. याच भेटीत कुलाब्याच्या एका डिस्कोत दोघांनी वाजवले, ही आठवण मुंबईची जुनी रॉकमंडळी अजून सांगतात.

फ्लॉइडही तालाच्या बाबतीत कच्चे नव्हते. ‘मनी’ या गाण्यात नाण्यांचा खळखळाट आणि गल्ल्याचा आवाज टेपचे तुकडे जोडून सात मात्रांत बसवला आहे. म्हणजे आपल्या रूपकाइतक्याच मात्रा. त्याच अल्बममध्ये क्लेअर टॉरी या गायिकेने शब्दांशिवाय जे आर्त आलाप घेतले आहेत, ते तिने एका रविवारी तीस पौंड घेऊन गायले होते. रचनेच्या श्रेयासाठी तिला २००४ साली न्यायालयात जावे लागले. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि तिचे नाव रचनाकार म्हणून छापले जाऊ लागले.

श्रेयाचा विषय निघालाच आहे, तर झेपलिनच्या चाहत्यांना इथे मान खाली घालावी लागते. कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांच्या ओळी आणि चाली त्यांनी अनेकदा नाव न घेता वापरल्या. विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तो बाहेर मिटला आणि मग त्यांचे नाव गाण्यावर आले. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यावरचा चोरीचा आरोप मात्र अमेरिकेतील ज्युरीने २०१६ मध्ये फेटाळला व अपिलातही तो २०२० मध्ये टिकला नाही. एक खटला जिंकला म्हणून बाकीचे हिशेब पुसले जात नाहीत. ज्यांच्याकडून घेतले ते गरीब होते आणि घेणारे अतिश्रीमंत झाले. माझी निवड सांगण्याआधी हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

दोन्ही बँडमध्ये वैर होते असा अनेकांचा समज आहे. तसे काही नव्हते. मार्च १९७३ मध्ये दोघांचे अल्बम एकाच महिन्यात आले आणि दोन्हींची मुखपृष्ठे हिप्नोसिस या एकाच कलासंस्थेची होती. माँटी पायथन मंडळींच्या १९७५ सालच्या विनोदी चित्रपटात दोन्ही बँडचा पैसा होता.

खरा फरक शेवटात आहे. २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनम अतिमद्यपानाने गेला. त्याच डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी छोटेसे निवेदन काढून बँड संपवला. दुसरा ड्रमर मिळाला नसता असे नाही; पण चारांतला एक गेला की ती गोष्टच राहत नाही, असे त्यांनी मानले. लंडनमध्ये १० डिसेंबर २००७ रोजी ते पूर्ण मैफलीसाठी एकदाच परतले, तेव्हा ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन होता. फ्लॉइड मात्र बॅरेटविना चालले, आणि १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडल्यावर नावासाठी वकिलांच्या फौजा उभ्या राहूनही चालले. ‘द वॉल’च्या वेळी तर राइटना बँडमधून काढून, कार्यक्रमांसाठी पगारी वादक म्हणून ठेवले होते. ते कार्यक्रम इतके खर्चिक निघाले, की तोटा भागीदारांना झाला आणि पैसे मिळाले एकट्या राइटना! चौघे पुन्हा एकत्र दिसले ते २ जुलै २००५ रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये, जेमतेम चार-पाच गाण्यांपुरते. बॅरेट २००६ साली गेला, राइट २००८ मध्ये गेले.

फ्लॉइड ही एक कल्पना होती आणि कल्पना माणसांवाचून चालू शकते. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स एकटेच मुंबईत आले, वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांनी ‘डार्क साइड’ संपूर्ण वाजवले आणि हजारो लोक तृप्त होऊन परतले. त्या तृप्तीत खोटे काही नव्हते. एकच अल्बम निवडायचा असेल, तर मी आजही ‘डार्क साइड’ निवडीन. इतकी एकसंध गोष्ट झेपलिनने केली नाही. त्यांच्या प्रत्येक अल्बमवर एखादे तरी भरताड गाणे आहे.

पण बँड निवडायचा तर झेपलिन. पन्नाशी ओलांडल्यावर मला कोणी आयुष्याचा अर्थ नीट शब्दांत सांगितला, की थोडा संशय येतो. उलट पेजचे बोट तारेवर निसटते, बॉनम एक क्षण मागे रेंगाळतो, जोन्स दोघांना सांभाळून घेतो आणि प्लान्ट त्यावर उडी मारतो, ही देवघेव अजून ताजी वाटते. तिथे प्रत्येकजण दुसऱ्याचे ऐकतो आहे, हे कानाला कळते. फ्लॉइडच्या उत्तरार्धात माणसे एकमेकांचे ऐकेनाशी झाली होती, आणि ‘द वॉल’ एवढी परिपूर्ण असूनही, किंवा म्हणूनच, मला ते ऐकू येते.

परवा हे सारे त्या जुन्या मित्राला फोनवर सांगितले. तो हसला. म्हणाला, ‘‘अरे, मी तर झेपलिन ऐकणं सोडून दहा वर्षं झाली. हल्ली रात्री फक्त फ्लॉइड. शब्द आता कुठे कळायला लागलेत.’’ मग पुढचा पाऊण तास आम्ही पुन्हा भांडलो, बाजू तेवढ्या बदलून.