मालवणला पाण्याखाली जाताय? बोटीवरून पाइपने येणारी हवा कशी काम करते, ते आधी समजून घ्या

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक व्हिडिओ असतोच. भोवती मासे, तोंडात रबरी नळी आणि कॅमेऱ्याकडे बघून केलेली खूण. माझ्याकडेही आहे. फक्त माझ्या व्हिडिओत मी दोन चुका करतोय आणि त्यातली एक जिवावर बेतू शकली असती.

पहिली चूक गमतीशीर आहे. खाली भारी वाटत होतं, म्हणून मी ट्रेनर दादाला अंगठा दाखवला, व्हॉट्सॲपवर पाठवतो तसा. दादा मला लगेच वर न्यायला लागला! कारण पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे "मस्त" नाही, तर "वर चला". "सगळं ठीक" सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा असतो.

दुसरी चूक गंभीर होती. व्हिडिओत तोंडासमोर बुडबुडे नकोत म्हणून मी श्वास रोखून धरला होता आणि तसाच वर निघालो होतो. दादाने छातीवर बोटं टोचून मला श्वास सोडायला लावला. तेव्हा राग आला. घरी येऊन यामागचं विज्ञान वाचलं, तेव्हा घाम फुटला.

हे स्कूबा आहे का?

आम्ही सगळे त्याला स्कूबा म्हणत होतो, पण ते स्कूबा नव्हतं. स्कूबात हवेची टाकी डायव्हरच्या पाठीवर असते. आमची हवा बोटीवरून लांब पाइपने येत होती. याला सरफेस सप्लाय म्हणतात आणि त्याचा साधा प्रकार म्हणजे हुका डायव्हिंग. सोपं करून सांगायचं तर स्कूबा म्हणजे पॉवर बँक आणि हे म्हणजे भिंतीच्या सॉकेटला लावलेला चार्जर. चार्जिंग संपायची चिंता नाही, पण सगळा खेळ त्या एका वायरवर.

जहाजाचा तळ साफ करणारे, पुलाच्या पाण्यातल्या खांबांची दुरुस्ती करणारे डायव्हरही असंच काम करतात. त्यांची साधनं मात्र बरीच पक्की असतात.

मग नुसता लांब पाइप का चालत नाही?

लहानपणी मला वाटायचं की लांब नळी तोंडात धरली की विहिरीच्या तळाशी बसून राहता येईल. नाही येत. फक्त १ मीटर खाली गेलात तरी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जादा भार येतो. ३० बाय ३० सेंटिमीटरची छाती धरली तर हा भार होतो जवळपास ९० किलो! तो ढकलून वरची साधी हवा आत ओढणं छातीच्या स्नायूंना जमत नाही. म्हणून स्नॉर्कलची नळी जेमतेम फूटभर असते.

त्यामुळे हवा दाबानेच पाठवावी लागते. बोटीवरचा कंप्रेसर किंवा टाकी ती पाइपमध्ये ढकलते आणि तोंडातला रेग्युलेटर ती आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देतो. १० मीटरवर हा दाब वरच्या दुप्पट असतो.

नियम नंबर एक: श्वास रोखायचा नाही

खरी गोम इथेच आहे. दाब कमी झाला की हवा फुगते. ५ मीटरवर दाब वरच्या दीडपट असतो. तिथे छातीत ४ लिटर हवा भरून, श्वास रोखून वर आलात, तर तिला ६ लिटर जागा हवी. मोठ्या माणसाची फुप्फुसं पूर्ण भरली तरी साधारण तेवढीच हवा घेतात. छाती आधीच भरलेली असेल तर दीड-दोन मीटरचा फरकसुद्धा फुप्फुसाला इजा करू शकतो. तिथून हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. "आपण कुठे खोल जातोय?" हा युक्तिवाद म्हणूनच चुकीचा आहे.

श्वास सतत चालू ठेवा आणि आपल्याच छोट्या बुडबुड्यांपेक्षा वेगाने वर येऊ नका.

हवा येते कुठून?

कंप्रेसर पेट्रोल-डिझेलवर चालत असेल तर त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवा ओढणारं तोंड सायलेन्सरच्या जवळ असेल किंवा वारा फिरला, तर तोच धूर पाइपमधून थेट तुमच्या छातीत जातो. पंक्चरवाल्याकडचा कंप्रेसरही या कामाचा नाही, कारण त्यातल्या तेलाची वाफ हवेत मिसळू शकते.

बॅकअप काय?

सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला पहिली शिकवण मिळते की जिथे एक गोष्ट बंद पडली की सगळं बंद पडतं, तिथे बॅकअप हवाच. इथेही तेच. व्यावसायिक डायव्हर पाठीवर छोटी राखीव टाकी ठेवतात आणि मदतीला दुसरा डायव्हर तयार असतो. शिवाय पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, आपल्या पाण्याच्या मोटरला असतो तसाच. बोटीवर पाइप फुटला तर खालची हवा उलटी वर ओढली जाऊ नये म्हणून.

आणखी एक गोष्ट. टाकी संपली की स्कूबावाल्याला वर यावंच लागतं, पाइपवाल्याला नाही. तास-तासभर खोलवर राहिलं की रक्तात आणि शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि झटकन वर आल्यावर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सुटतात. फिलिपिन्समध्ये कंप्रेसरच्या पाइपवर मासेमारी करणाऱ्या अनेकांना यामुळे पक्षाघात झाला आहे. आपल्या दहा-पंधरा मिनिटांच्या उथळ डाइव्हला हा धोका फारच कमी. तरी डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८ तास विमान टाळा.

बुकिंगआधी हे विचारा

- ट्रेनर पूर्ण वेळ माझ्या शेजारी असेल ना? एका ट्रेनरकडे किती जण?
- कंप्रेसर बंद पडला तर राखीव हवा कुठे आहे?
- हवा ओढणारं तोंड धुरापासून लांब, वारा येतो त्या बाजूला आहे का?
- बोटीवर ऑक्सिजन सिलिंडर आहे का?
- उतरण्याआधी खुणा आणि उथळ पाण्यात सराव घेणार का?

सर्दी किंवा दमा असेल तर आधी सांगा, लपवू नका. खाली जाताना कान दुखायच्या आधीच नाक दाबून हलकेच फुंका. तरी दुखलं तर थांबा. आणि फोन बोटीवरच ठेवा. आयपी६८ ची चाचणी साध्या, स्थिर पाण्यात होते, समुद्रात नाही.

कुणी या प्रश्नांवर हसलं किंवा "काही होत नाही हो" म्हणालं, तर सरळ दुसरी बोट बघा. माझा तो व्हिडिओ मी अजून डिलीट केलेला नाही. ट्रिपला निघणाऱ्या प्रत्येक मित्राला तोच पाठवतो आणि खाली लिहितो: बुडबुडे दिसू देत, श्वास सोड!