घुमाऱ्याचं दशक

२९ एप्रिल २०१६ला ‘सैराट’ आला, त्याला दहा वर्षं झाली. त्यातलं ‘झिंगाट’ अजूनही वरातीत वाजतं. मात्र हल्ली ते जसंच्या तसं क्वचितच वाजतं. कुणीतरी त्याच्या खाली लांब शेपटाचा बेस चिकटवलेला असतो. एक ठोका विरायच्या आत दुसरा येऊन त्यावर बसतो आणि गाण्याखाली नुसती सलग घरघर उरते. नाचणाऱ्याला पाय कुठे टाकायचा हे सांगणारा ठोकाच त्यात हरवतो. ही तक्रार म्हाताऱ्यांच्या दुखऱ्या कानांची नाही, नाचणाऱ्यांच्या पायांची आहे.

मराठवाड्याच्या कानाला खर्ज नवा नव्हता. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. रामनवमीचा उत्सव आणि भजन-कीर्तन यांवर पोसलेल्या अशा गावांना पखवाज चांगला ठाऊक. त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापायची, थोडी काढायची, थोडी वाढवायची आणि हवा तो खर्ज जुळवायचा. गोंधळ आणि आराधी गाण्यांतल्या संबळाचं मोठं तोंड असंच बोलतं. जोगत्यांच्या चौंडक्यात तर तार ओढली-सोडली की सूर वर चढून खाली घसरतो. डग्ग्यावर मनगट सरकवलं की घुमारा वळतो आणि तळवा टेकला की थांबतो. हा थांबा महत्त्वाचा. खर्ज कधी संपवायचा हे वाजवणाऱ्याच्या हातात होतं.

यंत्राने असाच घुमारा काढायचा प्रयत्न केला. १९८०मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे तालयंत्र काढलं. त्याच्या मोठ्या ढोलाचा आवाज ध्वनिमुद्रित नव्हता. विजेच्या मंडलाला एक धक्का द्यायचा आणि ते विरेपर्यंत घुमू द्यायचं, एवढीच युक्ती. यंत्र फार खपलं नाही, तीनेक वर्षांत बंद झालं आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्यावर जगभरच्या नाचगाण्यांत शिरलं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२मध्येच हे ८०८ आणि टीबी-३०३ वापरून रागांवर आधारलेली डिस्को तबकडी केली. कुणी लक्ष दिलं नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य समीक्षक थक्क झाले, कारण शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’शी तिचं विलक्षण साम्य होतं आणि ती त्याच्या काही वर्षं आधीची होती. चरणजित सिंग २०१५मध्ये गेले. मराठी संगीतावर लिहिणाऱ्यांनी त्यांची पुरेशी दखल घेतली नाही, हे नोंदवायलाच हवं.

कॅसेट, ऑर्केस्ट्रा, ऑक्टोपॅड ही मधली वर्षं भरभर ओलांडता येतात. खरी धमाल पुढे आहे.

२००६मध्ये ‘जत्रा’तलं ‘कोंबडी पळाली’ आलं आणि अजय-अतुल यांच्या ठेक्याने गावोगावचे मांडव हलले. मग ‘जोगवा’, ‘नटरंग’ आणि दशकाच्या शेवटी ‘सैराट’. या दहा वर्षांत तालुक्याच्या गावांतून आणखी एक संगीत घडत होतं, ज्याची वर्तमानपत्रांनी दखल घेतली ती फक्त गोंगाट म्हणून. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं आणि त्यात हमखास रिमिक्स असायची. ती बनवणारी, दर दोन मिनिटांनी गाण्यात स्वतःचं नाव घुसडणारी गावातली पोरं संगणकावर एफएल स्टुडिओ वापरायची. शिकवणारं कुणी नव्हतं. त्यांनी कानाने शोधलं ते मात्र पक्कं होतं.

एक साधी साइन लहर घ्यायची. ती दोनेकशे हर्ट्झवर सुरू करून डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली आणायची. त्या घसरणीतून ‘ठप्’ असा आघात मिळतो आणि उरलेल्या लहरीतून घुमारा. गाणं काळी चारमध्ये असेल तर ती साधारण ५२ हर्ट्झवर थांबवायची, म्हणजे ठोका गाण्याच्या सुरात बसतो. वर हलगीचा किंवा संबळाचा कडक ठोका चढवायचा. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला ५२ हर्ट्झ पेलत नाही, म्हणून लहर जरा फाटू द्यायची. फाटली की १०४, १५६ असे वरचे सूर उमटतात आणि तेवढ्यावरून कान खालचा न वाजलेला सूर स्वतःच भरून काढतो. हे शास्त्र माहीत नसताना ही पोरं ते रोज करत होती. त्यांना चोर म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याची गाणी उचलल्याचा दोष दिला, आणि तो खरा होता. पण त्या चोरीखाली झालेली मेहनत ऐकायची तसदी कुणी घेतली नाही. सिनेमातला लोकठेका ‘प्रयोग’ ठरला, घनसावंगी-परतूरकडचा ‘धांगडधिंगा’.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट आलं. मेमरी कार्डाचा धंदा बसला आणि त्याबरोबर तालुक्यातालुक्याच्या आवाजातला फरकही पुसत गेला. आता तयार सँपलचे गठ्ठे मिळतात. तोच ठोका जालन्यात, तोच कोल्हापुरात, सूर जुळवण्याची गरज कुणाला वाटत नाही. मिनिटाला १४० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी असतं. त्यात सेकंदभर घुमणारा बेस टाकला की थांबा संपलाच. जिची कातडी शेकोटीवर तापवून वाजवायची, ती हलगीही या गठ्ठ्यांत आहे. ती वाजवणाऱ्याचं नाव मात्र बहुधा कुठेच नसतं. एकदा ध्वनिमुद्रित झालेला त्याचा हात शेकडो वराती वाजवतो आणि तो स्वतः बिनसुपारीचा घरी बसतो.

आवाजावरच्या भांडणातही बेस निसटून जातो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ‘ए’ भाराने मोजायची. या भारात ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. कारण उघड आहे: हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. पण डीजेच्या गाडीवर अठरा इंची स्पीकरच्या भिंती रचल्या की हा हिशेब कोलमडतो. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. ती विटांच्या भिंतीला दाद देत नाही, पत्र्याचं छप्पर थरथरवते, आणि आकडा मात्र त्या मानाने सौम्य दिसतो. मिरवणुकीच्या मोजणीत ‘सी’ भाराचा आकडाही नोंदवला, तर ५० हर्ट्झला तिथे जेमतेम एक-दीड डेसिबलची सूट मिळेल. अनेक ध्वनिमापकांत तशी सोय असते. बटण फिरवून दोन्ही आकडे पंचनाम्यात लिहायचे, एवढंच काम आहे, आणि पुढच्या गणेशोत्सवाआधी ते सुरू करता येण्यासारखं आहे.